बिनबोलावलेल्या जाहिरातींचा ताळेबंद

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

विरारहून सकाळी चर्चगेटला जाणाऱ्या गाडीत ज्याला बसायला जागा मिळत नाही, त्याला वाचायला मात्र भरपूर मिळतं. दाराशेजारच्या पत्र्यावर, खिडकीच्या वरच्या पट्टीवर, जिथे हात पोचेल तिथे छोटे छोटे कागद चिकटवलेले असतात. ‘घरबसल्या काम, महिना तीस हजार’, ‘पार्ट टाइम, शिक्षणाची अट नाही’. खाली फक्त मोबाइल नंबर. कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही. कोणीतरी ते कागद खरवडून काढतं आणि थोड्याच दिवसांत त्याच जागी नवे कागद लागलेले दिसतात.

ह्याच कागदांची भावंडं आता आपल्या खिशातल्या फोनमध्येही राहायला आली आहेत. ई-मेल, एसएमएस, व्हॉट्सअ‍ॅप, सगळीकडे न बोलावता येणारे निरोप. वजन कमी करा, कर्ज घ्या, ह्या दुव्यावर क्लिक करा. इंग्रजीत ह्याला ‘स्पॅम’ म्हणतात. दुव्यावर बोट टेकवलं, की एखादी घाईघाईत उभी केलेली वेबसाइट उघडते. चार चित्रं, इकडून तिकडून उचललेला मजकूर आणि जागोजागी ‘इथे खरेदी करा’.

आमच्या वसईतल्या इमारतीत एक मुलगा आहे. बी. कॉम. झालेला, नोकरी सुटलेली. मागे एकदा तो माझ्याकडे आला. फोनवरून त्याला कोणीतरी सांगितलं होतं, की बारा हजार रुपये भरा, आम्ही तयार वेबसाइट देतो आणि लोकांच्या नंबरांची यादीही देतो. रोज त्या यादीवर दुवा पाठवत राहायचं. कोणी वस्तू घेतली की कमिशन तुमचं. पैशांसाठी आई एक मुदत ठेव मोडायला तयार होती. मी नाक मुरडलेलं पाहून तो म्हणाला, “काका, ह्यात पैसे नसतेच, तर ही माणसं रोज एवढे मेसेज कशाला पाठवत बसली असती?”

प्रश्न बिनतोड वाटतो. तोट्याचा धंदा वर्षानुवर्षं कोण करील? त्या वेळी मला त्याला नीट उत्तर देता आलं नाही. ‘फसवणूक असते रे’ एवढंच म्हणालो. पण तेवढ्यानं तरुण माणसाचं समाधान होत नाही आणि होऊही नये. म्हणून आज ह्या धंद्याचा ताळेबंदच आपण मांडून पाहू.

आधी हा धंदा म्हणजे काय ते समजून घेऊ. नालासोपारा किंवा विरारला भाड्यानं जागा शोधली असेल, तर एजंट तुम्हाला ठाऊक आहे. जागा त्याची नसते. तो घरमालकापर्यंत गिऱ्हाईक आणतो आणि त्याची दलाली घेतो. इंटरनेटवर असाच एक दलाल असतो, त्याला ‘अ‍ॅफिलिएट’ म्हणतात. माल दुसऱ्याचा, दुकान दुसऱ्याचं, ह्याचं काम गिऱ्हाईकाला दुकानाच्या दारापर्यंत नेण्याचं. कोणाच्या दुव्यावरून गिऱ्हाईक आलं ह्याची नोंद संगणक ठेवतो. अ‍ॅमेझॉन कंपनीनं १९९६ साली अशी पद्धत सुरू केली आणि पुढे अनेकांनी ती उचलली. ह्यात मुळात गैर काही नाही. कॅमेऱ्यांची उत्तम माहिती असलेल्या माणसानं प्रामाणिकपणे कॅमेऱ्यांवर लिहावं, वाचकानं त्याच्या दुव्यावरून कॅमेरा घ्यावा आणि लिहिणाऱ्याला चार पैसे मिळावेत, हा सरळ व्यवहार आहे.

गोष्ट बिघडते ती पुढे. सांगण्यासारखं काही जवळ नसतं, पण कमिशन मात्र हवं असतं. मग उचललेल्या मजकुराची वेबसाइट उभी राहते. तिच्याकडे आपणहून कोणी फिरकत नाही, म्हणून लोकांच्या दारावर न विचारता थापा मारायच्या. आपला प्रश्न आहे तो ह्या थापांतून खरोखर किती पैसे मिळतात हा.

सुरुवातीला मिळाले, असं इतिहास सांगतो. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत संगणक विकणाऱ्या एका कंपनीच्या माणसानं त्या काळच्या ‘अर्पानेट’ ह्या जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना एकाच वेळी जाहिरातीचा निरोप पाठवला. ही स्पॅमची पहिली नोंद मानली जाते. लोक भयंकर चिडले. पण त्या एका निरोपातून सव्वा कोटी डॉलरहून अधिक किमतीचे संगणक विकले गेले, असं त्या गृहस्थानं पुढे सांगितलं. ज्या पाण्यात आजवर कोणी जाळं टाकलं नव्हतं, तिथे पहिल्या जाळ्याला मासळी लागली, त्यात नवल नाही. पण नंतर सगळ्यांनीच तिथे जाळी टाकली. तेव्हा काय झालं?

ह्याचं मोजमाप २००८ साली झालं. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आणि सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी एक युक्ती केली. त्या काळी ‘स्टॉर्म’ नावाचं एक गुन्हेगारी जाळं होतं. जगभरातल्या सामान्य लोकांचे संगणक त्यांच्या नकळत ताब्यात घेऊन त्यांच्यावरून स्पॅम पाठवायचं, हे त्याचं काम. संशोधकांनी त्या जाळ्याच्या एका छोट्या भागात शिरकाव केला आणि जाणाऱ्या निरोपांतले दुवे बदलून स्वतःच्या नकली औषध-दुकानाकडे वळवले. दुकानात पैसे घेतले जात नव्हते. किती जण खरेदीच्या शेवटच्या पायरीपर्यंत येतात, एवढंच मोजलं जात होतं.

२६ दिवसांत सुमारे ३५ कोटी ई-मेल गेले. खरेदीपर्यंत किती जण पोचले? २८. हजार नाही, लाख नाही, फक्त २८ माणसं. त्यांची मिळून खरेदी झाली असती साधारण २,७०० डॉलरची.

हिशेब केला तर एका गिऱ्हाईकामागे सुमारे १ कोटी २४ लाख ई-मेल पडतात. हा आकडा आपल्या ओळखीचा आहे. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या नेमकी एवढीच होती. कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत घरातल्या तान्ह्या मुलासकट प्रत्येकाच्या हातात एक एक हँडबिल द्यायचं आणि सबंध मुंबईतून एक माणूस दुकानात यायचा! आपल्या वसई-विरार शहराची लोकसंख्या त्याच जनगणनेत १२ लाखांच्या वर होती. म्हणजे इथे घरोघर दहा वेळा फिरलात, तर एक गिऱ्हाईक.

तुम्ही म्हणाल, मग हा धंदा चालतो कसा? तर तो पाठवण्याच्या खर्चावर चालतो. किंवा असं म्हणू, की पाठवणाऱ्याला खर्चच नसतो म्हणून चालतो.

पाचूबंदरला किंवा अर्नाळ्याला जाऊन एखाद्या नाखव्याला विचारा. होडी समुद्रात न्यायची म्हणजे डिझेल आलं, बर्फ आला, जाळ्याची दुरुस्ती आली, खलाशांचा वाटा आला. मासळी कमी लागली तर डिझेलचे पैसेही सुटत नाहीत. म्हणून तो वारा, पाणी, भरती-ओहोटी पाहूनच जाळं टाकतो. पण समजा, डिझेल दुसऱ्याचं, होडी दुसऱ्याची आणि खलाशीही फुकटचे असतील, तर? मग जिथे महिन्याला एक बोंबील लागतो, तिथेही तो रोज जाळं टाकील. स्पॅमवाल्याचं असंच आहे. संगणक दुसऱ्याचे, वीज दुसऱ्याची आणि निरोप पुसण्यात जाणारा वेळ आपला सगळ्यांचा.

जस्टिन राव आणि डेव्हिड रायली ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ साली हा हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजानुसार स्पॅममुळे अमेरिकेतल्या लोकांना आणि कंपन्यांना वर्षाला सुमारे २,००० कोटी डॉलरचा भुर्दंड पडत होता आणि स्पॅम पाठवणारे व त्यावर माल विकणारे सारे मिळून जगभरात कमावत होते सुमारे २० कोटी डॉलर. एक रुपया मिळवण्यासाठी दुसऱ्यांचे शंभर रुपये बुडवायचे, असा हा व्यवहार. खिसेकापू बरा, तो निदान जेवढं घेतो तेवढंच आपलं जातं.

आता ह्या जाळ्याच्या मालकाचा विचार करू. संशोधकांच्या हाती स्टॉर्म जाळ्याचा जेमतेम दीड टक्का भाग होता. त्यावरून त्यांनी अंदाज केला, की सगळं जाळं मिळून दिवसाला ७ ते साडेनऊ हजार डॉलरची विक्री होत असावी, म्हणजे वर्षाला सुमारे ३५ लाख डॉलरपर्यंत. मालकाच्या दृष्टीनं रक्कम वाईट नाही. पण संशोधकांनी आणखी एक हिशेब केला आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्या काळी दुसऱ्याकडून स्पॅम पाठवून घ्यायचा भाव दहा लाख निरोपांना ८० डॉलरच्या थोडा खाली होता, असं बोललं जाई. त्या भावानं ३५ कोटी निरोपांचे २५ हजार डॉलरच्या वर होतात. आणि विक्री किती? २,७०० डॉलर. म्हणजे पैसे मोजून स्पॅम पाठवून घेणारा साफ बुडाला असता. फायदा होतो तो जाळं ज्याच्या मालकीचं आहे त्याला. भाड्यानं जाळं घेणारा कर्जात जातो.

दलालांची गोष्टही अशीच आहे. रशियातून चालणाऱ्या तीन मोठ्या औषध-विक्री जाळ्यांचे आतले हिशेब फुटून बाहेर आले आणि २०१२ साली संशोधकांनी ते तपासले. चार वर्षांतले १७ कोटी डॉलरहून जास्त विक्रीचे व्यवहार त्यांत होते. दलालांना विक्रीच्या ३० ते ४० टक्के कमिशन मिळे. ऐकायला भरघोस वाटतं. पण एकूण विक्रीतला ७५ ते ९० टक्के भाग वरच्या दहा टक्के दलालांनीच आणलेला होता. उरलेल्या नव्वद टक्के मंडळींनी राहिलेल्या चतकोरात वाटणी करून घेतली. शंभरातले दहा जेवले, नव्वदांनी पत्रावळी उचलल्या.

म्हणजे ह्यात पैसा आहे का, ह्या प्रश्नाचं उत्तर ‘आहे’ असंच द्यावं लागतं. पण तो फार थोड्यांच्या हाती जातो आणि ते थोडे जण विरारच्या गाडीत उभे राहून कागद चिकटवत नाहीत.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. पैसे नसते तर ही माणसं रोज मेसेज का पाठवत बसली असती? ह्यात एक गफलत आहे. रोज मेसेज येतात हे खरं, पण रोज पाठवणारा माणूस तोच असतो असं आपण धरून चालतो. स्टेशनाजवळच्या नव्या इमारतीत एखादा गाळा असतो. यंदा तिथे मोबाइलचं दुकान, पुढल्या वर्षी केक, त्याच्या पुढल्या वर्षी कपडे. गाळ्यावर पाटी कायम दिसते म्हणून आपल्याला वाटतं, इथे धंदा चालतो आहे. प्रत्यक्षात दर वर्षी एक दुकानदार बुडून गेलेला असतो. कायम कमावतो तो गाळ्याचा मालक. त्याला भाडं आणि अनामत आधी मिळते.

इथला गाळेमालक कोण? तयार वेबसाइट विकणारा, नंबरांच्या याद्या विकणारा, ‘लाखो कमवायला शिका’ असा वर्ग चालवणारा. माझ्या शेजारच्या मुलाला जो फोन आला होता, त्या माणसाचा खरा धंदा वस्तू विकण्याचा नव्हताच. त्याचं गिऱ्हाईक हा मुलगाच होता आणि माल होता बारा हजारांची आशा.

हे आपल्याकडे किती मोठ्या प्रमाणावर घडू शकतं, त्याची दोन उदाहरणं सांगतो. २०११ साली ‘स्पीक एशिया’चं प्रकरण मुंबईत गाजलं. ११ हजार रुपये भरून सदस्य व्हायचं, आठवड्याला इंटरनेटवर दोन प्रश्नावल्या भरायच्या आणि प्रत्येकीचे ५०० रुपये मिळवायचे, अशी ती योजना. साधं गणित करून पाहा. आठवड्याला हजार म्हणजे वर्षाला ५२ हजार. माणूस ११ हजार भरतो आणि ५२ हजार घेतो. वरचे ४१ हजार कुठून येणार? प्रश्नावल्या विकत घेणारा कोणी दिसत नव्हता, दिसत होते ते फक्त नवे सदस्य. देशभरातल्या लाखो लोकांनी पैसे भरले होते. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं तपास हाती घेतला, तेव्हा कित्येकांना ते गणित पहिल्यांदा सुचलं.

दुसरं उदाहरण २०१७ च्या फेब्रुवारीतलं, नोएडाचं. तिथल्या योजनेत पैसे भरायचे आणि रोज दुव्यांवर क्लिक करत बसायचं. एका क्लिकला ५ रुपये. उत्तर प्रदेश पोलिसांनी ती उघडकीला आणली, तेव्हा सुमारे साडेसहा लाख लोकांचे ३,७०० कोटी रुपये त्यात गेल्याचं सांगितलं. क्लिक करून जगात काहीही पिकत नव्हतं. एकाच्या खिशातले पैसे दुसऱ्याच्या खिशात जात होते आणि मधला मोठा हिस्सा तिसराच ठेवत होता.

आणखी एक उदाहरण तर आपल्या खाडीपलीकडचंच आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मिरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. अमेरिकेतल्या लोकांना फोन करून ‘आम्ही तिथल्या कर खात्यातून बोलतो आहोत’ अशी भीती घालून पैसे उकळण्याचा तो प्रकार होता. हे काही वेबसाइटचं प्रकरण नव्हे, पण गणित तेच. असंख्य फोन करायचे आणि त्यांतले थोडे सापडले तरी पुरे. छाप्यात सातशेच्या आसपास तरुण मुलं-मुली ताब्यात घेतली गेली, त्यांतल्या ७० जणांना लगेच अटक झाली. मुख्य सूत्रधार म्हणून ज्याचा शोध होता, तो एप्रिल २०१७ मध्ये पकडला गेला. पगारावर फोन करणाऱ्या पोरांच्या मनगटाला मात्र पहिल्याच रात्री पोलिसांचा हात लागला. अशा धंद्यात नफा वरच्या मजल्यावर राहतो आणि धोका तळमजल्यावर.

मुद्दाम सांगतो, कारण तळमजल्यावरचा धोका आता वाढला आहे. २०११ साली संशोधकांना आणखी एक गोष्ट सापडली होती. स्पॅममधून विकल्या जाणाऱ्या औषधांचे आणि नकली मालाचे ९५ टक्के पैसे जगातल्या फक्त तीन बँकांमार्फत जात होते. वेबसाइट हजारो, दलाल हजारो, पण पैसे गोळा करायच्या वाटा अगदी मोजक्या. निरोप फुकट पाठवता येतो, पण पैसे कुठल्यातरी खात्यात उतरावेच लागतात. धंद्याची मान तिथे आहे.

हे ठगांनाही कळतं. म्हणून त्यांना हवी असतात तुमची-आमची बँक खाती. ‘तुमचं खातं आम्हाला वापरायला द्या, महिन्याला अमुक देऊ’ असं कॉलेजातल्या मुलांना सांगितलं जातं. खात्यात पैसे येतात आणि लगेच पुढे जातात. पुढे पोलीस माग काढत येतात, ते ज्याच्या नावाचं खातं आहे त्याच्या दारात. खातं भाड्यानं देणं म्हणजे आपलं नावच भाड्यानं देणं. मोबाइल नंबरचंही तसंच. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यापारी निरोप पाठवायला नोंदणी लागते. आपल्या साध्या नंबरावरून शेकडो लोकांना जाहिराती पाठवल्या आणि तक्रारी गेल्या, तर बंद होतो तो आपलाच नंबर.

मग वेबसाइटवर पैसे मिळवायचेच नाहीत का? अवश्य मिळवावेत. पण त्याचा रस्ता वेगळा आहे. शोधयंत्रंही आता हुशार झाली आहेत. २००५ साली गूगलनं लोकांच्या पानांवर जाऊन फुकटचे दुवे चिकटवण्याचा फायदा काढून घेणारी खूण आणली. २०११ मध्ये उथळ, उचललेल्या मजकुराची पानं खाली ढकलणारा बदल केला. त्यामुळे नकल करून वर यायची वाट अरुंद होत गेली. आपल्या वसईची सुकेळी ज्यानं कधी हातात धरली नाही, त्यानं तिच्यावर शंभर पानं लिहिली तरी वाचणाऱ्याला कळतं. आणि ज्याच्या घरी केळी सोलून उन्हात वाळवतात, त्यानं एक पान लिहिलं तरी ते वाचावंसं वाटतं. जाहिरातीचे पैसे मिळत असतील तर तसं उघड सांगावं, असे निर्देश जाहिरात मानक परिषदेनं समाजमाध्यमांवर शिफारशी करणाऱ्यांना २०२१ मध्ये दिले आहेत. उघड सांगणाऱ्या माणसाकडे गिऱ्हाईक परत येतं. कमाई हळू वाढते, पण ती आपली असते.

कोणी अशी योजना घेऊन आलं, तर तीन प्रश्न विचारा. हे पैसे शेवटी कोण देणार आहे? कशाबद्दल देणार आहे? आणि काम सुरू करण्याआधी मलाच का भरायला सांगता? पहिल्या दोन प्रश्नांना सरळ उत्तर नसेल, तर तिसऱ्याचं उत्तर आपोआप मिळतं. पैसे गेलेच, तर लाजून बसू नका. १९३० ह्या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले, तरच परत मिळण्याची आशा असते. नकोशा जाहिरातींच्या तक्रारीसाठी १९०९ हा क्रमांक आहे.

त्या मुलाचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. त्यानं बारा हजार भरले होते. चार महिने त्यानं रोज रात्री मेसेज पाठवले. त्याचा नंबर दोनदा बंद पडला. कमिशन जमा झालं सगळं मिळून १८६ रुपये, पण पाचशे झाल्याशिवाय ते काढता येत नव्हते. आता तो वसई पूर्वेला एका गोदामात मालाच्या नोंदी ठेवतो. परवा भेटला तेव्हा हसत म्हणाला, “काका, पैसे होते हो त्यात. माझेच होते.”

ह्याहून नेमका ताळेबंद मला मांडता आला नसता. उद्या सकाळी गाडीत तो चिकटवलेला कागद दिसला, तर नंबर लिहून घेण्याआधी हे वाक्य आठवा.